विजयश्रीची नजर

कलबुर्गीतल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर जंतू तपासायची लॅब होती, आणि त्या लॅबमध्ये शेवटचा शब्द विजयश्रीचा असायचा. हुद्द्यानं ती टेक्निशियन. तिच्यावर डॉक्टर होते, डॉक्टरांवर आणखी कुणी होतं. पण प्लेटवर उगवलेल्या ठिपक्यांकडं बघून काही उलगडेना झालं, की कुणीतरी म्हणायचंच, "विजयश्रीअक्कांना दाखवा की." मग ती हात पुसत यायची, चष्मा कपाळावर सारायची, प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरायची आणि सांगायची. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं.

ती मूळची आळंद तालुक्यातल्या खजुरीची. घरात मराठी, शाळेत कन्नड, बाजारात दखनी उर्दू, अशा तिन्ही भाषांत वाढलेली. घरच्यांनी कोर्स करायला कलबुर्गीला पाठवलं तेव्हा गावातल्या बायका म्हणाल्या होत्या, रक्त-लघवी तपासायला कुणी पोरगी शिकवतं का? विजयश्री शिकली, लॅबला लागली आणि तिथंच मुरली. नवरा शिवप्रसाद तूरडाळीच्या मिलवर सुपरवायझर. तो मशीनवरची डाळ मुठीत घेऊन ओल सांगायचा आणि ही प्लेट बघून जंतू सांगायची. संसार सुरळीत चालला होता. तिचा हेवा करणारे होते. कुणाचा हेवा करायची वेळ मात्र तिच्यावर कधी आली नव्हती.

ती वेळ ज्योतीनं आणली.

ज्योती बीदरकडच्या कमलनगरची. हैदराबादच्या एका लॅबमध्ये दोन-तीन वर्षं काम करून आलेली, एम.एस्सी. झालेली, वयानं विजयश्रीपेक्षा बरीच लहान. लॅबचे प्रमुख डॉ. सिद्धलिंगप्पा तिला पहिल्या दिवशी स्वतः घेऊन आले. विजयश्रीला म्हणाले, "यीस्टच्या औषध-तपासणीचं काम आता ही बघेल. तुम्ही दोघी मिळून करा."

ते 'दोघी मिळून' विजयश्रीला खुपलं.

त्याला कारण होतं. यीस्ट म्हणजे बुरशीच्याच जातीची. तान्ह्या पोरांच्या तोंडात पांढरं येतं ती हीच. तिथं ती साधी. पण अतिदक्षता विभागात झोपलेल्या, नळ्या लावलेल्या माणसाच्या रक्तात शिरली की जिवावर उठते. मग डॉक्टरांना एकच गोष्ट पाहिजे असते: हिच्यावर कुठलं औषध चालेल? ते सांगायची परीक्षा लॅबमध्ये विजयश्रीनं सुरू केली होती. प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ओळीनं छोटे छोटे खळगे. एका टोकाला औषध कडक, पुढं पुढं पातळ होत गेलेलं, शेवटच्या खळग्यात औषधच नाही. सगळ्यांत सारखी यीस्ट घालायची, उबेत ठेवायची आणि दोन दिवसांनी बघायचं, की कुठल्या खळग्यापाशी तिची वाढ निम्म्यावर आली.

हे 'निम्मं'च अवघड. जिवाणूंचं सोपं असतं. औषध चाललं की पाणी नितळ होतं. यीस्ट तशी नितळत नाही. औषध लागू पडलं तरी खळग्यात पुसट धुकं राहतंच. ते धुकं निम्म्याच्या आत धरायचं की बाहेर, हे बघणाऱ्याच्या डोळ्यावर. एक म्हणतो औषध चालतं, दुसरा म्हणतो चालत नाही, आणि दोघं बघत असतात तोच ट्रे. म्हणून तर विजयश्रीच्या नजरेला भाव होता.

ज्योती आली आणि त्या ट्रेसमोर दुसरं स्टूल आलं.

पोरगी वाईट असती तर बरं झालं असतं. पण ती सकाळी आल्या आल्या "अक्का, नाष्टा झाला का?" म्हणायची. डब्यातली शेंगाची पोळी आधी विजयश्रीपुढं करायची. बोलणं अगदी तिकडच्या औराद भागातलं, मध्येच एखादा तेलुगू शब्द. तिनं दोन दिवसांनी ट्रे बघायची जुनी सवय मोडून एका दिवसावर आणली. उशिरा बघितलं की धुकं दाट होतं आणि चालणारं औषधही न चालणारं दिसतं, हे तिनं डॉक्टरांना इतकं सोपं करून सांगितलं, की त्यांनी मान डोलावली. विजयश्रीला ते पटलंही. पटलं म्हणूनच जास्त झोंबलं. हेच मी सांगितलं असतं तर, असं तिच्या मनात आलं. पण तिला ते सुचलं नव्हतं, हेही तिला ठाऊक होतं.

पुढं प्रत्येक ट्रेबरोबर ज्योती एक ओळखीची यीस्ट लावायला लागली. बाहेरून मागवलेली ही यीस्ट कुठल्या खळग्यात थांबणार, हे आधीच ठरलेलं असतं. ती ठरल्या जागी थांबली तर परीक्षा खरी, नाहीतर सगळी वाया. विजयश्रीही लावायची, पण महिन्यातून एखाद्या वेळी. सामान पुरत नसे.

"रोज कामून लावतीस?" तिनं विचारलं.

"आपलं आपल्याला कळावं म्हणून, अक्का."

"मला कळतंय की."

ज्योती हसली. त्या हसण्यात काही नव्हतं, पण विजयश्रीनं ते घरापर्यंत नेलं. जेवताना शिवप्रसादला सांगितलं. तो म्हणाला, "पोरगी हुशार दिसायलीय." त्या दिवशी त्याला दुसरी भाकरी मागून घ्यावी लागली.

हळूहळू तिला सगळंच दिसायला लागलं. वरच्या मजल्यावरून फोन आला की "ज्योतीमॅडम हायत का?" असं विचारतात. डॉक्टर चहा मागवताना आधी ज्योतीकडं बघतात. खिडकीजवळच्या टेबलावर ज्योतीची बाटली आहे. ती हे मोजत बसायची आणि मोजते आहोत याची लाज वाटली की आणखी चिडायची.

त्याच दिवसांत बसवकल्याण तालुक्यातल्या मुडबीहून नागूबाई नावाची म्हातारी दाखल झाली. मेंढरं राखणाऱ्या घरातली. आता मेंढरं गेलेली, घरचे मजुरीला जाणारे. पोटाचं मोठं ऑपरेशन झालं, ताप उतरेना, आणि रक्तात यीस्ट निघाली. तिचा मुलगा मल्लेश लॅबच्या दारापाशी डोक्यावरचा रुमाल हातात घेऊन उभा राहायचा. नागूबाईची किडनी आधीच अशक्त होती. साधं औषध चालत असेल तर प्रश्न नव्हता. चालत नसेल, तर हाताशी होतं ते कडक इंजेक्शन, आणि ते किडनीवर बसणारं. तूर्त तेच चालू करून वरचे डॉक्टर रिपोर्टसाठी अडून बसले.

डॉ. सिद्धलिंगप्पांनी सांगितलं, "दोघी आपापला ट्रे वेगळा लावा. एकमेकींना न विचारता वाचा. मग माझ्याकडं या."

दोघींनी लावले. दुसऱ्या दिवशी ज्योतीनं सांगितलं, औषध चालतंय. विजयश्रीनं सांगितलं, चालत नाही.

डॉक्टरांनी दोन्ही ट्रे आरशावर धरून त्यात खळग्यांचे तळ बघितले. त्यांचं कपाळ आक्रसलं. "एकच यीस्ट आहे ना ही?"

"एकच," दोघी म्हणाल्या.

"मग पुन्हा लावा. आज बाईंना कडक इंजेक्शनच चालू ठेवतील. उद्या मला एक उत्तर पाहिजे."

बाहेर मल्लेशनं विचारलं, "काय म्हणलं, अक्का?" विजयश्रीनं "उद्या" म्हणून सांगितलं आणि त्याच्या तोंडाकडं बघायचं टाळलं. म्हातारीचं वाईट वाटत नव्हतं असं नाही. पण त्या वाईट वाटण्याच्या खाली दुसरंच काही उकळत होतं: उद्या ही पोरगी खोटी पडली पाहिजे.

दुपारी ज्योती तिच्यापाशी आली. यीस्ट पाण्यात कालवायची, तर ती किती गढूळ करायची याचं माप ठरलेलं असतं. जास्त यीस्ट गेली की औषध कमी पडतं. ज्योती त्यासाठी एक छोटं यंत्र वापरायची. विजयश्री वापरायची ती मापाची नळी: पांढरट पाण्यानं भरलेली, बूच लावलेली. ती नळी हलवायची, शेजारी आपली नळी धरायची, मागं काळ्या रेघांचं कार्ड धरायचं, आणि दोन्हींतून रेघा सारख्याच पुसट दिसल्या की झालं. हे तिच्या नजरेचं खास काम.

"अक्का, यंत्र बंद पडलंय. सकाळपासनं लाईट खालीवर व्हायलीय, त्यातच गेलं आसंल. तुमची नळी देता का?"

विजयश्रीला इतका आनंद झाला की तिला तो लपवावा लागला. "घे की," ती म्हणाली. "पण हलवून घे नीट. यंत्रासारखं न्हाई ते, बघावं लागतंय."

ज्योती तिच्या शेजारी बसून कार्डावरच्या रेघा बघत होती आणि विजयश्री तिला सांगत होती, अजून थोडी घाल, अजून, हां, बास. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज पूर्वीसारखा मोकळा लागला.

दुसऱ्या दिवशी ती लवकर आली. ज्योतीच्या बसला उशीर होता. विजयश्रीनं उबेच्या पेटीतून तिन्ही ट्रे काढले. आपला बघितला. औषध चालत नाही. ज्योतीचा बघितला. त्यातही यीस्ट कडक औषधापर्यंत बिनघोर वाढलेली. औषध चालत नाही! तिच्या छातीत गोड काहीतरी पसरलं. यंत्र होतं तोवर दोघींचं जुळत नव्हतं, माझ्या हाताखाली केलं आणि जुळलं. डॉक्टरांना कसं सांगायचं तेही तिनं मनात जुळवलं, आवाज कसा ठेवायचा तेसुद्धा.

मग तिनं तिसरा ट्रे आरशावर ठेवला. ओळखीच्या यीस्टचा.

ओळखीची यीस्ट ठरल्या जागी थांबली नव्हती. तीही पुढं वाढत गेली होती.

विजयश्रीनं ट्रे फिरवून बघितला, खिडकीपाशी नेला, चष्मा लावून आणि काढून बघितला. तेच. आणि मग तिला सगळं एकदम कळलं. यंत्रानं मापलेली ओळखीची यीस्ट काल ठरल्या जागी थांबली होती. नळीनं मापलेली आज बिघडली. तिनं नळी हातात घेतली. मूळचं बूच तडकलं होतं म्हणून तिनंच मागं दुसरं लावलं होतं. ते किंचित सैल होतं. पाणी नळीवरच्या खुणेच्या पार खाली गेलेलं. उन्हाच्या खिडकीत राहून पाणी उडालं होतं, पांढरं तेवढंच राहिलं होतं, म्हणजे माप दाट झालं होतं. ती दाट मापाला दाट यीस्ट जुळवत आली होती. अगदी अचूक जुळवत आली होती. नजर चुकली नव्हती. नजरेला दाखवलेलं मापच चुकलं होतं, आणि ते बदलायचं काम तिचं होतं.

कोपऱ्यात टाकाऊ ट्रेंची बादली होती, जंतू मारायच्या पाण्यानं भरलेली. तिसरा ट्रे त्यात गेला तर कुणी विचारणार नव्हतं. 'सांडला' म्हटलं की झालं. ती बादलीपर्यंत गेली. तिथं उभी राहिली. म्हातारीचा विचार आला का? आला, पण खरं सांगायचं तर सगळ्यात आधी ज्योतीचाच आला: हिला कळलं तर? मग ती परतली आणि ट्रे होता तिथं झाकून ठेवून दिला. टाकला नाही, आणि कुणाला सांगितलंही नाही. एवढंच जमलं.

ज्योती धापा टाकत आली, तिच्या मागोमाग डॉक्टर आले. ज्योतीनं आपला ट्रे बघितला, अक्कांचा बघितला, मग तिसऱ्यावरचं झाकण काढलं. तो आरशावर धरला आणि पुन्हा धरला.

"काय झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"सर, ओळखीची यीस्ट ठरल्या जागेच्या बाहेर गेलीय. हे तिन्ही ट्रे धरता येणार न्हाईत." तिनं मान खाली घातली. "माझ्याच हातनं जास्त गढूळ झालं आसंल. नळीनं मापायची सवय न्हाई मला. अक्कांनी नीट दाखवलं हुतं, मलाच जमलं न्हाई."

डॉक्टर म्हणाले, "असू दे, असू दे. चूक कबूल केलीस हे बरं केलंस." आणि त्यांच्या डोळ्यांत ज्योतीबद्दल जे कौतुक आलं, ते विजयश्रीनं बघितलं.

हुशारी हिची, यंत्र हिचं, खिडकी हिची. आता चांगुलपणाही हिचाच? आपली चूकसुद्धा ही घेऊन जाणार आणि तिच्यावर शाबासकी मिळवणार? हे तिला सोसवेना. बाकी सगळं सोसलं असतं, हे नाही.

"तिच्या हातानं काही झालं न्हाई," ती तोडून म्हणाली. "माझ्या नळीनं झालंय. बघा ही. पाणी उडालंय. कालचा माझा ट्रेही ह्या नळीमुळंच चुकला. आणि सकाळी मी हे बघितलंय, सर. तुम्ही यायच्या आधीच. बोलले न्हाई."

डॉक्टरांनी नळी घेतली, उजेडात धरली, परत दिली.

"याआधी किती रिपोर्ट गेले या नळीवर?"

"ते काढावे लागतील," विजयश्री म्हणाली. "मीच काढते. त्या पेशंटांच्या जपून ठेवलेल्या यीस्ट परत लावते."

"लावा. रागवायचं नंतर बघू. आधी मुडबीच्या बाईंचं."

नवी नळी विजयश्रीनंच केली. पांढरं कसं तयार करायचं, किती मिसळायचं, हे तिच्या हाताला पाठ होतं. बूच घट्ट लावून वर मेण फिरवलं आणि नळी अंधाऱ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. ट्रे पुन्हा लागले. संध्याकाळी एकदा ज्योती म्हणाली, "अक्का, मला आधी बघायला पायजे हुतं पाणी किती हाय ते. तुमची नळी म्हणून मी बघितलंच न्हाई." विजयश्रीनं नुसतं "हं" केलं. ती हे मनापासून म्हणते आहे, हे कळत होतं, आणि तेच अवघड जात होतं.

या वेळी ओळखीची यीस्ट ठरल्या जागी थांबली. नागूबाईच्या ट्रेमध्ये मात्र धुकं होतंच, पुढच्या खळग्यांमधून पुसट पुसट पसरत गेलेलं. ज्योती अडखळली. "हे निम्म्याच्या वर म्हणायचं का खाली?"

विजयश्रीनं ट्रे घेतला. बिनऔषधाचा खळगा एका बाजूला, धुक्याचा दुसऱ्या. "पूर्ण गढूळ हे. याच्यात तेवढंच पाणी वतलंस तर कसं दिसंल, ते डोळ्यापुढं आण. आता ह्याच्याशी जुळव. त्याच्या खालीच हाय. औषध चालतंय."

ज्योतीनं बघितलं, पुन्हा बघितलं. "व्हय," ती म्हणाली. "चालतंय."

रिपोर्ट ज्योती वर घेऊन गेली. कडक इंजेक्शन थांबलं, साधं औषध सुरू झालं. नागूबाईची किडनी मधल्या दिवसांत थोडी खालावली होती, ती सावरायला वेळ लागला. पण ताप उतरला, आणि एके दिवशी म्हातारी चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आली. मल्लेश पिशवीभर जवारीच्या लाह्या घेऊन लॅबमध्ये आला आणि थेट ज्योतीपुढं गेला, कारण रिपोर्ट घेऊन येताना त्यानं तिलाच बघितलं होतं. "मॅडम, तुमच्यामुळं माय वाचली." ज्योती "अक्कांनी, अक्कांनी" म्हणत राहिली, पण त्यानं हात जोडले ते तिलाच. विजयश्री पाठमोरी होऊन बाटल्या लावत होती. आपल्यामुळं त्या म्हातारीला ते इंजेक्शन जास्त सोसावं लागलं, हे तिला विसरता येत नव्हतं. तरी त्या हात जोडण्यावर तिचा जीव जळलाच. दोन्ही एकाच वेळी होत होतं.

जुने रिपोर्ट निघाले. तिनं सगळ्या ठेवलेल्या यीस्ट पुन्हा लावल्या. काहींची उत्तरं बदलली. डॉक्टरांनी त्या त्या वॉर्डला स्वतः फोन केले. विजयश्रीला बोलणी बसली, पण काम काढून घेतलं नाही. उलट पुढच्या महिन्यात बीदरला आसपासच्या लॅबवाल्यांना हे शिकवायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी दोघींना पाठवलं. ज्योतीनं यंत्र दाखवलं. विजयश्रीनं धुकं वाचायला शिकवलं आणि नळीचीही गोष्ट सांगितली, स्वतःचं नाव न लपवता. लोक ज्योतीभोवती जास्त जमले की आपल्याभोवती, हे ती मधूनमधून बघत होतीच.

संपल्यावर ज्योती म्हणाली, "अक्का, इथनं कमलनगर जवळ हाय. घरी चला. आई वाट बघायलीय." नको म्हणायला कारण सुचेपर्यंत जीप भरली होती.

ज्योतीची आई तुळजाबाई दारातच उभी होती. पाणी दिलं, जेवायला वाढलं, पण नजर विजयश्रीवरून हलेना. साडीपासून हातातल्या बांगड्यांपर्यंत ती तिला निरखत होती.

"ह्याच व्हय अक्का?" अखेर ती लेकीला म्हणाली. मग विजयश्रीकडं वळली. "फोन केला की अक्का असं म्हणल्या, अक्कानं तसं केलं. सारखं तुमचंच. भाजीत मीठ किती घालायचं, ते बी आता अक्काला इचारून सांगती. मी म्हणलं, आईनं काही शिकवलं का न्हाई तुला?"

"आई!" ज्योती ओरडली.

"खोटं हाय का?" तुळजाबाई म्हणाली आणि वरणाची वाटी जरा जोरातच ठेवली.

विजयश्रीनं वर बघितलं. त्या बाईच्या ओठाशी ताणलेलं हसू होतं, आणि डोळ्यांत जे होतं ते तिला अनोळखी नव्हतं. किती महिने ती तेच घेऊन हिंडत होती. एवढी मोठी बाई, आणि जळतेय कुणावर तर माझ्यावर! तिला हसू फुटलं. दाबायला गेली तर ठसका लागला.

"पाणी घ्या, पाणी," तुळजाबाई घाबरून म्हणाली आणि स्वतः तांब्या पुढं केला.

"वरण लई चांगलं झालंय," विजयश्री डोळे पुसत म्हणाली. "ज्योतीच्या डब्याला ही चव येत न्हाई. तिला शिकवा की."

तुळजाबाईनं लेकीकडं बघितलं, आणि मग विजयश्रीच्या ताटात न विचारता आणखी एक पळी ओतली.